‘आ कई गाडी छे?’

गेल्या दसऱ्यास आम्ही सुरतेत होतो. गुजरातेत दसरा म्हणजे फाफडा आणि जिलेबी. भल्या सकाळी फरसाणवाल्यांच्या दुकानांपुढे लागलेल्या रांगा दुपारपर्यंत हलत नाहीत. ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो ते मूळचे फोंड्याकडचे. नोकरीच्या निमित्ताने हजिऱ्यास आले आणि सुरतकर होऊन गेले. फाफड्याची पुडी त्यांच्याही घरी आली. परंतु आपट्याची पाने, झेंडूचे तोरण आणि वाहनांची पूजा हा आपल्याकडचा थाट वहिनींनी सोडलेला नव्हता.

इमारतीच्या आवारात पूजेसाठी मोटारी रांगेने उभ्या होत्या. पहिला मान अर्थातच जर्मन बनावटीच्या दोन काळ्या मोटारींचा. हार सर्वांत जाड त्यांना, मुलांची गर्दी त्यांच्याभोवती, छायाचित्रेही त्यांचीच. रांग संपली तेव्हा आमच्या स्नेह्यांनी शेवटच्या खांबाआडची ताडपत्री दूर केली आणि आपली गाडी हाताने ढकलीत उजेडात आणली. बुटकी, दोन आसनांची, वर छपराऐवजी कापडी आच्छादन, लांबट नाकाची, तांबडी. वहिनींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले. शेजारचे एक सद्‌गृहस्थ हातातली जिलेबी संपवीत जवळ आले आणि म्हणाले, “आ कई गाडी छे?”

स्नेह्यांनी सांगितले, सॅन स्टॉर्म.

गृहस्थांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. दुसरा प्रश्न आला, “मारुतीमांथी बनावी छे?” म्हणजे एखाद्या जुन्या मारुतीवर सांगाडा चढवून कोणी हौशी मेस्त्रीने केली आहे काय. नाही म्हटल्यावर तिसरा, “केटलामां पडी?” आणि गाडी गोव्यात झालेली आहे असे ऐकल्यावर ते मनापासून हसले. गोव्यात गाड्या होतात? गोव्यात तर, त्यांच्या समजुतीप्रमाणे, केवळ सुट्टी होते.

हे तीन प्रश्न गेली वीस वर्षे याच क्रमाने येत आहेत, असे आमच्या स्नेह्यांनी नंतर सांगितले. पेट्रोल पंपावर येतात, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षातून येतात, लग्नाच्या मांडवाबाहेर गाड्या लावणाऱ्या पोऱ्याकडूनही येतात. विमा उतरवावयास गेले तर यंत्रावरच्या यादीत गाडीचे नाव सापडत नाही आणि ‘इतर’ या सदराखाली तिची नोंद होते. मोठ्या हॉटेलांत ती दर्शनी भागात न लावता मागे, भाजीच्या टेंपोशेजारी लावण्याची सूचना मिळते. हे सांगताना त्यांच्या स्वरात कडवटपणा नव्हता. होता तो एक प्रकारचा थकवा, आपल्या मुलाचे नाव प्रत्येक ठिकाणी अक्षर अक्षर उच्चारून सांगावे लागणाऱ्या बापाचा असतो तसा.

एका मोटारीवर अग्रलेखाची शाई का खर्च करावी, असे कोणी वाचक विचारील. तेही दोन माणसांच्या आणि सामान न मावणाऱ्या, चैनीच्या मोटारीवर! प्रश्न रास्त आहे. पण ही मोटार सुरतेची नव्हे, इटलीचीही नव्हे. ती आपल्या वेर्ण्याची आहे. कारखान्यांच्या आवारात मालडबे ओढणारी लहान रेल्वे-इंजिने बनविणाऱ्या बंगळूरच्या सॅन उद्योगाने मोटारीच्या क्षेत्रात उतरावयाचे ठरविले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ही छोटी क्रीडा-मोटार गोव्यात आकारास आली. शरीर फायबरग्लासचे, इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे, ११४९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे, ओढ पुढच्या चाकांची. अँबेसिडर आणि पद्मिनी यांच्यावर वाढलेल्या देशात, जेथे मोटार म्हणजे सहा माणसे, दोन ट्रंका आणि मुंबईहून येताना मांडीवर घेतलेली आजी असे समीकरण होते, तेथे केवळ दोघांसाठी आणि केवळ चालविण्याच्या आनंदासाठी कोणी मोटार काढतो, ही घटना लहान नव्हती.

आता सुरतेविषयी. सुरत मोटारींविषयी अडाणी आहे असा कोणाचा समज झाला असल्यास तो दूर करणे आमचे कर्तव्य आहे. क्रीडा-मोटारीच्या बाबतीत या शहराचे नाव सबंध देशाने एकदा वाचलेले आहे. २००२ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे सचिन तेंडुलकरने आपले २९ वे कसोटी शतक काढून ब्रॅडमनची बरोबरी साधली. त्याप्रीत्यर्थ फियाट कंपनीने त्यास फेरारी ३६० मोडेना ही मोटार देऊ केली आणि सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गावर मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्यास मिळाली. पुढे तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाखांच्या आयातकराचे प्रकरण उद्भवले. सरकारने कर माफ केला, लोकांत गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले आणि अखेर तो भरणा फियाटने केला. तीच मोटार २०११ साली तेंडुलकरने विकली. ती घेतली सुरतेच्या एका व्यावसायिकाने. दुसऱ्या वर्षी ‘फेरारी की सवारी’ हा राजेश मापुसकर यांचा चित्रपट आला, त्यात पडद्यावर धावते ती याच सुरतेच्या मालकाकडची मोटार.

विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. ३६० मोडेना ही आठ सिलिंडरांची, ३.६ लिटरच्या इंजिनाची, सुमारे ४०० अश्वशक्तीची यंत्ररचना. एन्झो फेरारीच्या जन्मगावाचे नाव तिने धारण केलेले. पण सुरतेच्या रस्त्यावर ती निघाल्यावर लोक काय म्हणत असतील? मोडेना आली, असे निश्चित म्हणत नसतील. सचिनची गाडी आली, असेच म्हणत असतील. तिच्या इंजिनाविषयी, तिच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याविषयी दहांतल्या एकास तरी काही ठाऊक असेल काय? आदर होता तो वांद्र्यास राहणाऱ्या एका फलंदाजाविषयीचा. मोटार ही त्या आदराची वाहक. मालक बदलला तरी नाव तेच चिकटून राहिले, आणि आपल्या पैशाने ती विकत घेणाऱ्यास आपलीच मोटार दुसऱ्याच्या नावाने ऐकावी लागली. आमच्या स्नेह्यांच्या मोटारीस नाव नाही म्हणून मान नाही. या मोटारीस मान उदंड, तोही तिचा स्वतःचा नव्हे. दोन्ही मोटारी एकाच शहरात राहिल्या आणि खऱ्या अर्थाने ओळखली कोणतीच गेली नाही.

ज्या गावचा धंदाच मुळी ओळखण्याचा, त्या गावी हे घडावे याची आम्हांस गंमत वाटली. वराछाच्या कारखान्यांतून बसलेला जाणता हिरेघाशी डोळ्यास भिंग लावतो आणि तांदळाच्या कणाएवढ्या खड्यातला डाग सांगतो. त्याच सुरतेत आता प्रयोगशाळेत घडविलेले हिरे तयार होतात. पंतप्रधानांनी जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला तो अशाच प्रकारचा होता. द्रव्य तेच, कार्बन, झळाळी तीच, साध्या भिंगाने भेद कळत नाही, त्यासाठी यंत्र लागते. तरी बाजारात त्याची किंमत खाणीतल्या हिऱ्याच्या मानाने पुष्कळच उतरते, कारण खाणीचे नाव त्यास नाही. सुरतकर हा भेद जाणतो आणि त्यावर धंदाही करतो. वस्तूचा भाव एक आणि नावाचा भाव निराळा, हे त्यास कोणी शिकवावयास नको. शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० अशी दोन वेळा या शहराची निवड केली तीही उगाच नव्हे. पण तो विषय येथे नको, यजमानांकडे जेवून आलो आहोत.

सुरतेस दोष देऊन आपण मोकळे होऊ शकलो असतो तर बरे झाले असते. पण ही मोटार आम्ही स्वतः प्रथम पाहिली ती पर्वरीच्या चढावर, आणि कोणा विदेशी पर्यटकाने आपल्याबरोबर आणलेली असावी अशी आमची समजूत झाली होती. सोबत्याने ती वेर्ण्याची आहे म्हणून सांगितल्यावर आमच्या तोंडून जे उद्गार निघाले ते सुरतेच्या त्या जिलेबीवाल्या गृहस्थांच्या उद्गारांहून फारसे निराळे नव्हते. वेर्ण्यात? गोमंतकीय माणसाला पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत आयात झालेल्या मर्सिडीज आणि ओपेल यांचे कोण कौतुक! काकांच्या अमुक गाडीची आठवण निघाली की डोळ्यांत पाणी येते. आपल्या तालुक्यात तयार झालेली मोटार मात्र आपण आपल्या आठवणींत घेतली नाही.

या मोटारीत दोष नव्हते असे आमचे म्हणणे नाही. ६० अश्वशक्ती हे क्रीडा-मोटारीच्या मानाने चणीचे बळ होय. आमचे स्नेही स्वतः सांगतात की चढावर घरगुती मोटारी त्यांना मागे टाकून जातात आणि जाताना आतली मुले हात हलवितात. आपल्याकडे पाऊस चार महिने. कापडी आच्छादनाच्या कडेने पाणी झिरपून पायांशी येते. त्याच पैशांत चार दारांची, थंड हवेची, आजीसह जाणारी मोटार मिळत होती. जो मनुष्य आयुष्यात एकच मोटार घेणार त्याने ती सोडून ही घ्यावयास हवी होती, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. फायबरग्लासचेही हसे झाले. आमचे स्नेही सांगतात, गावी नेली तेव्हा एका रापणकाराने बोटाने ठोकून पाहून विचारले, ही पाण्यात चालते काय? त्याचा प्रश्न त्याच्या परीने बरोबर होता, कारण त्याची होडी त्याच द्रव्याची होती.

परंतु जगातल्या नामांकित मोटारींचा जन्म कसा झाला ते पाहावे. अमेरिकेची कॉर्व्हेट १९५३ साली निघाली तीही फायबरग्लासचीच. पहिल्या वर्षी हातांनी जोडून अवघ्या ३०० तयार झाल्या. इंजिन सहा सिलिंडरांचे आणि मामुली, गिअर दोनच आणि तेही आपोआप पडणारे. क्रीडा-मोटारीचे जाणकार तिला हसले. १९५४ संपले तेव्हा शेकडो कॉर्व्हेट विक्रीवाचून पडून होत्या आणि ती बंद करावी असा विचार खुद्द जनरल मोटर्समध्ये चालू होता. १९५५ मध्ये तिला आठ सिलिंडरांचे इंजिन मिळाले, आणि त्यानंतर तिची थट्टा करण्याची कोणाची छाती झाली नाही. खुद्द फेरारीच्या घरीही असा प्रकार घडलेला आहे. एन्झो फेरारीचा मुलगा दिनो १९५६ साली ऐन तारुण्यात वारला. त्याच्या नावाने पुढे सहा सिलिंडरांच्या लहान मोटारी काढण्यात आल्या त्यांवर फेरारीचे नाव नव्हते, नुसते ‘दिनो’ लिहिलेले होते. ही काही खरी फेरारी नव्हे, असे ऐकून ऐकून कंटाळलेले मालक घोड्याचे चिन्ह मिळवून स्वतःच्या हाताने गाडीवर बसवीत. आज त्याच दिनोसाठी लिलावांत चढाओढ लागते. मोटार तीच आहे, एक खिळाही बदललेला नाही.

पहिल्या कॉर्व्हेटला जी मिळाली ती दुसरी संधी सॅन स्टॉर्मला मिळाली नाही. मागे जनरल मोटर्सचा खजिना असता तर दुसरे इंजिन आले असते, आच्छादन सुधारले असते. पण येथे फार थोड्या गाड्या खपल्या; आणि जो थोड्या गाड्या विकतो त्यास आपल्याकडचे नियम अधिक जड जातात. लाखांनी मोटारी काढणाऱ्या कारखान्यास धुराच्या, ब्रेकच्या, टकरीच्या ज्या परीक्षा द्याव्या लागतात तशाच मूठभर मोटारी काढणाऱ्यासही. धुराचे नियम काही वर्षांनी कडक होतात, होणे आवश्यकही आहे. मात्र प्रत्येक वेळी नवे इंजिन, नवी परीक्षा, नवा खर्च. मोठ्यांचा तो खर्च लाखो मोटारींवर वाटला जातो, लहानाचा मुठीएवढ्या संख्येवर. इंग्लंडात माल्व्हर्न येथे मॉर्गन नावाचा कारखाना शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. वर्षाला काही शेकडा मोटारी तो काढतो आणि अजून त्यांच्या अंगाच्या चौकटीत ॲश वृक्षाचे लाकूड वापरतो. तेथे असा लहान कारखाना तगला, कारण गिऱ्हाइकास ती मोटार अपुरी आहे हे ठाऊक असूनही ती आपली वाटली. मडगावचा मेस्त लाकडाच्या कामात माल्व्हर्नच्या सुतारास हार जाणार नाही, हे आम्ही पैजेवर सांगू. उणीव त्याच्या हातात नाही.

सुरतेहून मुंबई ओलांडून गोव्याकडे यावयास लागले की वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. त्या रस्त्यावर कार्लेखिंड नावाचे ठिकाण आहे. तेथे बोथे दांपत्याने ‘चिंकारा’ नावाची मोटार हातांनी तयार केली. इंग्लंडच्या लोटस सेव्हनच्या वळणाची, चाके बाहेर काढलेली, दारे नसलेली, फायबरग्लासची. आणि तिच्या पोटात कोणते इंजिन, तर आपल्या अँबेसिडरमध्ये बसत असे तेच इसुझूचे १.८ लिटरचे. अँबेसिडरचे हृदय घेऊन हरणाने धावावे, या कल्पनेचे आम्हांस आजही कौतुक वाटते. अलिबागला जाणारे शेकडो पर्यटक कार्लेखिंडीवरून पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन परततात. चिंकाराचे नाव त्यांतल्या कितींनी ऐकले असेल? पुण्याच्या ‘अवंती’चीही हकीकत फार सुखाची नाही. २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तिच्याभोवती गर्दी मावेना, इंजिन पुन्हा रेनोचेच. पुढे रस्त्यावर मात्र ती क्वचितच दिसली, आणि अखेर तिचे नाव वर्तमानपत्रांत आले ते पोलीस तपासाच्या बातम्यांत.

आमच्या स्नेह्यांच्या घरी त्या दसऱ्याच्या दुपारी जेवताना जो वाद निघाला तो सांगितल्यावाचून हे लिहिण्याचे कारण स्पष्ट होणार नाही. चिरंजीव संगणकाच्या धंद्यात आहेत, कमावते आहेत, आणि आईवडिलांना सुखाने नेता येईल अशी मोटार घेण्याचा त्यांचा विचार आहे. जागा एकच. तेव्हा ताडपत्रीखालची काढावयास हवी. त्यांचे म्हणणे उद्धटपणाचे नव्हते. बाबा, तुम्ही ती महिन्यातून दोनदा चालवता, सुटे भाग मिळत नाहीत, ब्रेकच्या कामासाठी तीन मेस्त्री पालथे घालावे लागतात, आणि तुमच्या पाठीचे काय, असे ते विचारीत होते. भंगारवाला आधीच येऊन गेला होता. तो मोटार वजनावर घेतो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाने ठोकून पाहिले आणि म्हणाला, हिच्यात लोखंड आहेच कोठे? इंजिनाचे आणि चाकांचे काय ते देतो. बाकीचे उचलून नेण्याचे तुम्हीच मला द्या.

वहिनी एवढा वेळ वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघे हिच्यातून मंगेशीला गेलो होतो, पाऊस आला, आच्छादन ओढेपर्यंत नखशिखान्त भिजलो आणि देवळात तसेच ओलेते उभे राहिलो. पुजाऱ्यांनी विचारले, गाडी कुठची हो ही? हे म्हणाले, हिथलीच.

स्नेह्यांनी त्यावर काही म्हटले नाही. पंधरा वर्षांची मुदत उलटल्यावर तपासणीस उतरून पाच पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. तेवढे कागद मात्र त्यांनी आम्हांस दाखविले. पुढच्या मुदतीचा अर्ज भरून तयार होता. नवी मोटार शेजारच्या इमारतीत भाड्याच्या जागेत लावावी, असा तोडगा चिरंजीवांनीच दोन दिवसांनी काढला, असे पुढे पत्राने कळले.

चवथीला ते गाडी घेऊन गावी यावयाचे म्हणतात. साडेआठशे किलोमीटरांची मजल. त्यात कोकणातला तो वर्षानुवर्षे रखडलेला महामार्ग, ज्याचे खड्डे आमच्या वाचकांस तोंडपाठ आहेत आणि ज्यांतून जमिनीपासून वीतभर उंचीची मोटार कशी येणार हे माटोळीखालच्या गणरायासच ठाऊक. वेर्ण्याच्या पठारावर पोहोचले की कारखान्याच्या फाटकाशी क्षणभर थांबावयाचे, असा त्यांचा बेत आहे. तेथे आता कोण ओळखणार, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, विचारतील ना, गाडी कुठली म्हणून.